फडके रोडवर नवीन काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवली पूर्वेला बाजीप्रभू चौकाकडून गणेश मंदिराकडे जाणारा हा रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. त्यामुळे पुण्याला गेलेली भाची असो की न्यू जर्सीतला वर्गमित्र, तब्येतीची चौकशी झाली की फोनवर पुढचा प्रश्न ठरलेला: "काय म्हणतोय फडके रोड?" आधी मी प्रत्येकाला वेगवेगळं सांगायचे. मग लक्षात आलं की प्रश्न तेच असतात, उत्तरं तेवढी बदलतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलंय. कायदा आहे तिथे कायदा सांगितलाय. बाकीचं माझं मत, पटलं तर घ्या.

रस्ता सारखा खोदलेला का असतो?

कारण रस्त्याखाली भाडेकरू फार झालेत. पाण्याची वाहिनी, गटार, विजेची केबल, इंटरनेटची केबल, गॅसची नळी. प्रत्येकाची वेळ वेगळी आणि ठेकेदारही वेगळा. खणायला परवानगी महापालिका देते आणि रस्ता पूर्ववत करायचे पैसे आधी भरून घेते. तो पूर्ववत होतो तो साधारण गोधडीसारखा: मूळ कापड कुठलं आणि ठिगळ कुठलं हे कळेनासं होईपर्यंत.

पावसाळ्यात येणार असाल तर पेव्हर ब्लॉककडे लक्ष ठेवा. वरून सपाट दिसतो, खाली पाणी साचलेलं असतं, आणि कोपऱ्यावर पाय पडला की गढूळ पाण्याची पिचकारी थेट पोटरीपर्यंत. इथले रहिवासी कुठला ब्लॉक टाळायचा ते पाठ करून असतात. पाहुणे भिजतात.

फेरीवाले हटवले म्हणे. खरं का?

"हटवले" हे क्रियापद आमच्याकडे भूतकाळात चालत नाही. ते रोज घडतं.

थोडी पार्श्वभूमी. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्यानंतर सगळ्या उपनगरांत स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांवरून रान पेटलं. १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीचा धंदा करायचा नाही, आणि शाळा, रुग्णालयं, देवळं यांच्यापासून १०० मीटरच्या आत नाही. आता फडके रोड डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला मंदिर. दोन्हीकडून फूटपट्टी लावली तर मधे फारसं काही उरत नाही.

दुसरी बाजू २०१४ च्या पथविक्रेता कायद्याची. तो म्हणतो, आधी सर्वेक्षण करा, विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्या, त्यांच्यासाठी जागा ठरवा. जागा ठरवण्यात मत देणाऱ्या समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले हवेत. सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा तरी व्हायला हवं. वाचायला छानच आहे. आमच्या कोपऱ्यावर मात्र या कायद्याचं रूप म्हणजे महापालिकेचा एक टेम्पो आणि त्यात मागे उभी असलेली चार माणसं.

केसांच्या क्लिपा विकणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे. तिच्या ताडपत्रीच्या चारही टोकांत दोरी आधीच ओवलेली असते. कोपऱ्यावरून कुणीतरी "गाडी!" म्हणून ओरडतं. ती दोरी एकदाच खेचते, ताडपत्रीचं गाठोडं होतं, ते काखोटीला मारून ती शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली. टेम्पो पुढे सरकला की दोरी सैल, ताडपत्री पुन्हा रस्त्यावर. क्लिपा मात्र सगळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. त्या सोडवता सोडवता ती गिऱ्हाइकाशी भाव बोलत असते. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. सगळा प्रकार चार मिनिटांचा.

मला विचाराल तर फुटपाथ मोकळा हवा, माझ्या सासूबाईंना काठी टेकत चालता यायला हवं. आणि क्लिपा मी तिच्याकडूनच घेते. ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात, हे मला कळतं.

दुपारी दुकानं अजून बंद असतात का?

असतात, पण अर्धीच. जुने दुकानदार एकच्या सुमारास शटर अर्ध्यावर ओढतात, जेवतात, पाठ टेकतात आणि चार-साडेचारला अगरबत्ती लावून पुन्हा उघडतात. साखळी दुकानं दिवसभर चालू. अर्धं शटर हे निमंत्रण नव्हे. वाकून आत डोकावलात तर "काकू, साडेचारला या" असं अंधारातून ऐकू येईल.

हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. उलट महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यानुसार दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं. कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी मिळाली की झालं. पूर्वी अख्ख्या बाजाराला एकच वार बंद असायचा ती पद्धत त्यामुळे सैल पडली. तेव्हा "आज बंद वार आहे का" हे रस्त्याबद्दल विचारू नका, दुकानाबद्दल विचारा.

जुनी दुकानं गेली त्या जागी काय आलं?

मोबाइलची कव्हरं. मोमो. वॉफल. सणासुदीच्या कुर्त्यांचे ब्रँड. वरच्या मजल्यांवर दातांचे डॉक्टर, फिजिओथेरपी आणि दहावी-बारावीचे क्लास. सोनारांची दुकानं टिकली, काही वाढलीसुद्धा. मधोमध कापडाचे ठाणवाले, छत्री दुरुस्त करणारे, घड्याळजी होते, ते विरळ झाले. पुस्तकं आणि वह्या मिळतात अजून, दोन पावलं जास्त चालावं लागतं एवढंच.

यावर हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यातले निम्मे शेवटची छत्री ऑनलाइन मागवून बसलेले असतात, मीसुद्धा त्यातच. मला दुकानांपेक्षा त्यांच्या पायऱ्या गेल्याचं जास्त जाणवतं. जुन्या दुकानाला दोन-तीन दगडी पायऱ्या असायच्या. गिऱ्हाईक खालच्या पायरीवर, ओळखीचा माणूस वरच्या पायरीवर, आणि कुणाची तरी आजी पिशवी मांडीवर घेऊन मधल्या पायरीवर बसलेली. नव्या दुकानाला काचेचं दार असतं आणि दाराबाहेर काहीच नसतं. आत गेलात तर गिऱ्हाईक, बाहेर राहिलात तर अडथळा. मधली पायरी नाही. फडके रोडला मिळतं ते सगळं मानपाडा रोडला, टिळक रोडला, आता घरबसल्यासुद्धा मिळतं. लोक इथे यायचे ते उभं राहायला. या रस्त्यावर काही बदललं की मी एवढंच बघते: आता उभं कुठे राहायचं?

आमचं नेहमीचं दुकान हिरव्या जाळीआड गेलंय. परत येणार का?

हिरवी जाळी म्हणजे पुनर्विकास. दुकान परत येईल की नाही हे दुकानदार मालक आहे की भाडेकरू यावर आहे.

इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची असेल आणि गाळेधारक सभासद असेल, तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते आणि सभेचं चित्रीकरण करावं लागतं. गाळेधारकाला नव्या इमारतीत गाळा मिळतो, तो किती चौरस फुटांचा आणि रस्त्याच्या तोंडावर की आतल्या बाजूला, ते करारात लिहिलेलं असतं. भांडणं होतात ती या "तोंडावर" शब्दावरून. दोनशे चौरस फूट रस्त्यावर आणि तीनशे चौरस फूट पाठीमागे, यात व्यापारी पहिलं मागतो.

पागडीचं दुकान असेल, म्हणजे एकदा ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेलं, तर गोष्ट लांबते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ भाडेकरूला संरक्षण देतो आणि भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवायची मुभा देतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे किती, ते तुम्हीच काढा. घरमालकाला इमारत पडेपर्यंत डागडुजीत रस नसतो आणि भाडेकरूला इमारत पडेपर्यंत हलायचं नसतं. मधल्या काळात छपराचा एक तुकडा खाली येतो, मग दोघं बोलायला बसतात.

नवी इमारत रस्त्यापासून थोडी आत सरकून उभी राहते. समोर मोकळी पट्टी सुटते. पहिल्या महिन्यात लोक तिथे उभे राहून आइस्क्रीम खातात. दुसऱ्या महिन्यात तिथे दुचाक्या लागतात. तिसऱ्या महिन्यात साखळी येते आणि "फक्त ग्राहकांसाठी" अशी पाटी लागते.

नव्या इमारतीत गाळा घ्यावा म्हणतोय. काय बघू?

महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक बघा आणि तेवढ्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण याच कारणाने गाजलं. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट होत्या, त्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. घरं घेतलेल्या माणसांनी नोंदणी क्रमांक पाहिलेलाच होता. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः खातरजमा करा. वकील लावा. "काका, आपलं घरचं काम आहे" म्हणणाऱ्याकडून तर आधी लावा.

पाट्या मराठीत झाल्या का?

बऱ्याच झाल्या. दुकाने कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असून चालत नाहीत. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि मग रंगाऱ्यांची दिवाळी झाली.

फडके रोडला याचं तसं अप्रूप नव्हतं, इथे मराठी पाट्या आधीपासून आहेत. नवीन आलंय ते मराठी लिपीतलं इंग्रजी. "द एथ्निक स्टोरी" छापाची नावं मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहिली की कायदा समाधानी. शुद्धलेखनाबद्दल कायदा गप्प आहे. आमच्या कोपऱ्यावर एकाने "फॅशन"चं "फँशन" करून ठेवलंय आणि ते रात्री निळ्या दिव्यांनी चमकतं.

जीएसटी कमी झाला, मग भाव का उतरले नाहीत?

काही उतरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्के या दोन दरांत आल्या. रस्त्यावरच्या खरेदीपुरतं सांगायचं तर साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं. तूप, लोणी, पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ वर. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवर आता काहीच नाही. चपला-बूट २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के.

तयार कपड्यांत गंमत आहे. २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के, त्याच्या वर १८. पूर्वी हजारापुढच्या सगळ्यावर १२ होता. म्हणजे दीड हजाराचा कुर्ता स्वस्त झाला आणि तीन हजारांचा महागला. म्हणून हल्ली २,४९९ च्या चिठ्ठ्या एवढ्या दिसतात. सोन्यावर ३ टक्के होता, तो तसाच आहे.

सुट्या चिवड्याचा भाव का उतरला नाही असं एका फरसाणवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तेल उतरू द्या." मी गेली पंधरा वर्षं तेल उतरायची वाट बघतेय.

पिशवी मिळते का?

मागितलीत तर मिळते, हळू आवाजात. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तुरुंगवासाचीही तरतूद. कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या ६० जीएसएमपेक्षा (दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा) पातळ असल्या तर त्याही चालत नाहीत, आणि बहुतेक पातळच असतात. भाजीवाले पिशवी गल्ल्याच्या खाली, मांडीखाली, कोथिंबिरीखाली ठेवतात. आपली कापडी पिशवी घेऊन निघा. जुन्या साडीची शिवून घेतलीत तर चार-पाच वर्षं फिकीर नाही.

दहाचं नाणं घेतात का? आणि छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर?

दहाचं नाणं चलनात आहे. निरनिराळ्या नक्षीची सगळी नाणी खरी असल्याचं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. तरी कुणी नाक मुरडलं तर वाद घालू नका, स्कॅनर समोर असतोच. हल्ली शहाळेवाल्याकडेसुद्धा पैसे जमा झाल्याची घोषणा करणारा डबा असतो. संध्याकाळी या डब्यांचाच कलकलाट चालतो. "इतके इतके रुपये प्राप्त हुए" ऐकून बाजूचा माणूस शहाळं घासाघीस करून घेतल्याचं ओळखतो.

छापील किमतीच्या वर मागणं बेकायदा. मला एका दुकानात थंड पेयाच्या बाटलीवर "थंड करायचे दोन रुपये" लावले होते. मी म्हटलं, मग गरम द्या, घरी करते थंड. दोन रुपये सुटले, पण त्या दुकानात आता माझ्याशी कुणी बोलत नाही. रीतसर तक्रार करायची तर वैधमापन शास्त्र विभागाकडे. वजनकाट्यावरचा ताजा शिक्का नसेल तरी तिथेच.

गाडी कुठे लावू?

घरी.

खरंच सांगते. पी-१, पी-२ च्या पाट्या वाचून, सम-विषम तारीख आठवून जागा मिळेपर्यंत तुम्ही घरून चालत आला असतात. चुकलात तर ऑनलाइन चलान येतं: पहिल्यांदा ५००, नंतर दर वेळी १,५००. दुचाकी उचलून नेली तर ती सोडवायचा खर्च वेगळा आणि शोधायची पायपीट त्याहून वेगळी.

आमच्या लहानपणी या रस्त्यावर सायकली भिंतीला टेकवून ठेवायचे. आता दोन्ही बाजूंना दुचाक्यांची अशी दाट रांग असते की फुटपाथवरून रस्त्यावर उतरायला फट शोधावी लागते. फेरीवाल्यामुळे चालता येत नाही अशी तक्रार करणारे पुष्कळ जण त्या रांगेत स्वतःची स्कूटर घुसवून आलेले असतात. स्कूटरला कुणी "गाडी!" म्हणून ओरडत नाही.

रिक्षाचं काय?

मीटरचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरला. हे माहितीसाठी. डोंबिवलीत रिक्षा म्हणजे शेअर रिक्षा. रांगेत उभं राहायचं, मागे तीन जण, आणि पुढे चालकाच्या मांडीला मांडी लावून चौथा, जो नियमात बसत नाही पण रिक्षात बसतो. तक्रार कल्याणच्या आरटीओकडे करता येते, रिक्षाचा नंबर आणि वेळ टिपून ठेवा. एमआयडीसीच्या निवासी विभागात जायचं असेल तर बाजीप्रभू चौकातून बसही आहे. बस आली तर बसच घ्या.

पश्चिमेहून गाडीने यायला आता बरं झालंय का?

हो. कोपरचा पूल धोकादायक म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला आणि ७ सप्टेंबर २०२१ ला उघडला. ती दोन वर्षं आम्ही विसरलेलो नाही. पूर्व-पश्चिम करणारी वाहनं ठाकुर्लीच्या पुलावर आली आणि तिथून उतरलेली कित्येक गणेश मंदिराच्या अंगाने आमच्या दारात. रात्री अकराला हॉर्न. आता दोन पूल आहेत, त्यामुळे भार वाटला जातो. मोठागाव-माणकोलीचा खाडीपूल सुरू झाल्यापासून ठाण्याला निघालेलेही पश्चिमेकडूनच बाहेर पडतात. पायी येणाऱ्यांना मात्र रेल्वेचा पूल तोच, गर्दी तीच.

तक्रार कुणाकडे करायची?

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली पाच वर्षं प्रशासक. त्या काळात मतदार झालेल्या पोरांना नगरसेवक म्हणजे काय हे चित्रातच ठाऊक. आता १२२ नगरसेवक आहेत आणि बहुतेक प्रभागांत चार-चार. याचा फायदा हा की एक नाही तर दुसरा सापडतो. तोटा हा की प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो.

गटार, फुटपाथ, फेरीवाले, कचरा, बॅनर यांसाठी 'फ' प्रभाग कार्यालय. बॅनरवर परवानगीचा क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल तर तो बेकायदा समजा, फोटो काढून द्या. वीज गेली तर महावितरण. पार्किंग आणि कोंडी वाहतूक पोलीस. अर्ज द्यायला गेलात तर दोन प्रती न्या आणि एकीवर पोचेचा शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं ठरतं. माझ्या नऊपैकी तीन अर्जांना उत्तर आलं, त्यातलं एक दुसऱ्याच गल्लीचं होतं.

बायकांसाठी स्वच्छतागृह?

स्टेशनात. नाहीतर ओळखीचं दुकान. यापलीकडे सांगण्यासारखं काही असतं तर आनंदाने सांगितलं असतं.

गुढीपाडव्याच्या यात्रेला कधी आणि कुठे उभं राहावं?

नववर्ष स्वागतयात्रेची सुरुवात इथलीच, १९९९ ची, श्री गणेश मंदिर संस्थानाने केलेली. मग ठाणे, गिरगाव आणि कुठे कुठे ती पसरली. संस्थान स्वतः १९२४ चं, नुकतीच शंभरी झाली. पालखी पश्चिमेच्या भागशाळा मैदानाकडून निघून मंदिराकडे येते. लेझीम आणि ढोल जवळून बघायचे तर मंदिराच्या अलीकडे, कानांची काळजी असेल तर स्टेशनच्या बाजूला. सकाळी लवकर या, टोपी घाला, पाणी जवळ ठेवा. चैत्राचं ऊन फेट्यालाही जुमानत नाही.

दिवाळीच्या सकाळी अजून तेवढीच गर्दी असते का? आम्ही बाहेरगावचे, चालेल का?

चालेल काय, निम्मी गर्दी बाहेरगावचीच असते. इथून बदलापूरला, पुण्याला, परदेशात गेलेले त्या सकाळी परत येतात. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, फराळ, मंदिरात दर्शन, आणि मग रस्त्यावर नुसतं उभं राहणं. पाडव्यालाही तसंच. वाहनं बंद. मुली नऊवारीत, मुलगे कुर्त्यात, आणि कुर्त्याची घडी अजून तशीच असल्याने पाठीवर चौकोन उमटलेला. कार्यक्रम असा काही नाही. म्हणजे अप्पा दातार चौकात मंच असतो, गाणी असतात, पुढाऱ्यांचे फलक असतात, पण त्यासाठी कुणी आलेलं नसतं. शाळेतला कोण किती जाड झाला, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, हे बघायला आलेले असतात. वर्षातून ही एकच वेळ अशी की दुचाक्यांची रांग नसते आणि पूर्ण रस्त्यावर माणसं उभी असतात.

तक्रारी आहेत. ध्वनिवर्धक फार मोठे झालेत. पूर्वी गप्पा ऐकू यायच्या, आता समोरच्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. रेटारेटीत मुलींना त्रास देणारी टोळकी असतात, पोलिसही असतात, तरी चार-पाच जणींनी मिळूनच जावं. आणि फोटोसाठी वाट अडवून ठेवणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगायची लाज बाळगू नका.

मग भेटायचं कुठे?

"मंदिरासमोर" असं कुणालाही सांगू नका. त्या सकाळी सगळेच मंदिरासमोर असतात. फोन लागत नाही, संदेश अर्ध्या तासाने पोचतो. वेळ आदल्या रात्री ठरवा आणि जागा सांगताना दुकान सांगा. जुनं सांगा, ज्याला अजून पायऱ्या आहेत. रस्त्याच्या मधल्या भागात अशी दोनच उरली आहेत. तिथलं शटर सकाळी बंद असतं, दुकानदार हरकत घेत नाही. वरच्या पायरीवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंचं दिसतं. मी सात ते साडेआठ तिथे असते. जांभळी साडी, हातात चकलीचा डबा.